थांबेराव आणि देव्हाऱ्यातली किल्ली

पलूसच्या माझ्या सासऱ्यांनी रखरखीत उन्हात द्राक्षबागेवर साड्या पांघरल्या, त्याला कारण मी.

सांगलीत विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. द्राक्षबागायतदारांसाठी आम्ही मोबाइलवरचं एक ॲप चालवतो. उद्या पाऊस आहे का, फवारणी करावी की राहू द्यावी, एवढंच ते सांगतं. पण ते सांगतं आणि लोक ऐकतात. ॲपमध्ये काही सुधारणा झाली की त्याची नवी प्रत तयार करायची, तपासायची आणि लोकांच्या फोनपर्यंत पोचवायची, हे काम नऊ वर्षं माझ्या एकट्याच्या हातात होतं. त्या आठवड्यात धोक्याची लाल पट्टी नीट दिसते का हे बघायला आम्ही एक चाचणीची प्रत केली होती. तीत कुठलंही गाव उघडा, ‘उद्या गारपीट’ असंच यायचं. चाचणीची प्रत माझ्या फोनवर पाठवायची आणि खरी प्रत लोकांच्या. मी उलटं केलं. माझ्या फोनवर लख्ख ऊन, आणि कोरेगावापासून पलूसपर्यंत झाडून सगळ्यांच्या फोनवर गारा.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. “जावईबापू, गारा किती वाजता पडनार? ह्यांनी माझं कपाट रिकामं केलंय. समद्या साड्या वेलीवर टाकल्यात. तुमी दिवाळीला घेतलेली बी.”

मी म्हणालो, “आई, गारा नाहीयेत.”

मग फोन सासऱ्यांनी घेतला. “न्हाईत म्हंजी? तुमच्याच मोबाइलात हायत की!”

बायको माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आमच्या ऑफिसचे मालक आबासाहेब मात्र पाचव्या मिनिटाला बोलले, आणि ते काय बोलले ते मी अजून घरी सांगितलेलं नाही. आठव्या दिवशी ते एका माणसाला बरोबर घेऊन आले.

कुठलाही माणूस भेटला की आधी नमस्कार म्हणतो, किंवा नुसता हसतो तरी. हा गडी माझ्या टेबलापाशी आला, डाव्या हाताचा पंजा वर केला आणि म्हणाला, “थांबा.”

मी चमकून वर बघितलं. माझं बोट माउसवर होतं. त्या दिवशीची चाचणीची प्रत पाठवायची होती. “त्या बटनावर काय लिवलंय ते वाचा एकदा,” तो म्हणाला. मी वाचलं. ‘सर्वांना पाठवा’ असं लिहिलं होतं. आठ दिवसांत दुसऱ्यांदा तीच चूक, आणि तीही मालकांच्या डोळ्यांदेखत! माझ्या पाठीला जो दरदरून घाम फुटला तो, खरं सांगतो, पुढचे अकरा महिने काही पूर्ण वाळला नाही.

त्याचं खरं नाव मी सांगत नाही, त्याला ते आवडायचं नाही. आमच्याकडं ॲपचा सगळा प्रोग्रॅम लिहिणारी स्मिता आहे, तिनं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ‘थांबेराव’ ठेवलं आणि तेच पडलं. माण तालुक्यातला, धनगराच्या घरातला. वडील तेव्हाही मेंढरांमागं हिंडत होते. हा कराडला इंजिनिअर झाला, सहा-सात वर्षं पुण्यात राहिला आणि वडिलांचे गुडघे धरू लागले म्हणून इकडं परतला. पस्तिशीचा, काटकुळा, उन्हात भाजलेला. पुण्याला राहून आलेली माणसं बोलणं बदलून येतात. ह्यानं फक्त चप्पल बदलली होती.

“हे सगळं काम आता यंत्र करणार,” आबासाहेबांनी जाहीर केलं. “प्रत तयार करण्यापासून लोकांच्या फोनवर पोचवेपर्यंत. मधे माणसाचा हात लागता कामा नये. तीन महिन्यांत पाहिजे. राजाभाऊ, तुमच्याकडची ती किल्ली तेवढी यांना द्या. मग तुम्ही मोकळे.”

मोकळे! एक्कावन्नाव्या वर्षी, मुलगी बारावीला असताना, मालक ‘मोकळे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

ही किल्ली म्हणजे काय, ते सांगतो. प्रत्येक ॲपची एक सही असते. नवी प्रत पाठवताना तीच सही लागते. नाहीतर ही प्रत खऱ्या मालकाकडून आली यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ती दारातूनच परत जाते. ती सही करण्याची किल्ली एका पेनड्राइव्हमध्ये होती आणि तो पेनड्राइव्ह आमच्या घरी देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागं. बायको रोज त्यालाही हळदकुंकू वाहायची. “नोकरी देतो ना? मग वाहिलेलं बरं,” असं तिचं म्हणणं. मालकांचं बोलणं ऐकलं त्या दिवशी घरी जाऊन मी तो पेनड्राइव्ह आणखी मागं सरकवला. किल्ली माझ्याकडं आहे तोवर मी आहे, एवढा साधा हिशोब होता.

थांबेराव किल्ली मागेल म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. घरी राहिली, बायको माहेरी गेलीय, आज अमावास्या आहे, अशी सतरा-अठरा. त्यानं मागितलीच नाही. त्यानं मागितली माझी वही.

तीत नवी प्रत पाठवायच्या बत्तीस पायऱ्या मी नऊ वर्षांत लिहून काढल्या होत्या. तो ती वही मांडीवर घेऊन पोथीसारखी वाचत बसला. मग म्हणाला, “भाऊ, सतरावी पायरी ‘चहा’ लिवलीया.”

“हो, म्हणजे तेव्हा कॉम्प्युटर ॲप बांधत असतो. वीस मिनिटं काही करता येत नाही. मग मी चहाला जातो.”

“आन् न्हाई गेलं तर?”

“तर हात शिवशिवतात. एकदा मधेच दुसरं बटण दाबलं आणि सगळं मोडलं.”

मला वाटलं, हसेल. तो गंभीरपणे मान हलवत राहिला. “मंग ह्यो चहा न्हाई, भाऊ. ही पायरी हाय. ऱ्हाऊ द्या.” आणि खरोखरच त्यानं यंत्राला दिलेल्या आज्ञांमध्ये, बांधणी पुरी होईस्तोवर कुणी काही करायचं नाही या पायरीचं नाव ठेवलं ‘चहा’. माझ्या बावळटपणाला त्यानं दिलेला मान बघून मी अवाक झालो. पण किल्ली देण्याइतका झालो नाही.

जिन्याखालच्या कोनाड्यात त्यानं एक बिनपडद्याचा कॉम्प्युटर ठेवला आणि भिंतीला एक लाकडी फळी ठोकली. फळीवर रबरानं बांधलेले सहा जुने मोबाइल. काचा तडकलेल्या, एकाचा कोपरा फुटलेला. गावाकडच्या लोकांना नवे घ्यायला लावून त्यांचे जुने उचलून आणले होते. “आपलं ॲप काय साहेबाच्या फोनवर चालत न्हाई. असल्याच फोनवर चालतंय. मंग असल्याच फोनवर तपासाय पायजे.” एकेक फोन त्यानं एकेका गावाचा करून ठेवला होता. पहिला पलूसचा, मग कडेगावचा, तासगावचा, असे.

पहिल्यांदा ते यंत्र चाललं त्या सकाळी मी डबा ठेवायला जिन्यापाशी गेलो होतो. स्मितानं तिच्या टेबलावरून केलेला बदल आधीच पाठवला होता, बांधणी पुरी झाली आणि भिंतीवरचे सहाच्या सहा फोन एकामागून एक उजळले. कोणाचा हात नाही, बोट नाही. पडदे आपले आपण सरकतायत, गावं निवडली जातायत, पाऊस बघितला जातोय, बंद होतंय, पुन्हा उघडतंय. नऊ वर्षं मी ज्या बत्तीस पायऱ्या धापा टाकत चढलो, त्या समोर भिंतीवर कोणीतरी अदृश्य माणूस धावत चढत होता, आणि त्याला दमही लागत नव्हता. डबा हातातच राहिला. मागं थांबेराव भाकरीचा तुकडा मोडत उभा होता. तो म्हणाला, “भ्यायचं न्हाई, भाऊ. वाघर हाय ही.”

वाघर म्हणजे मेंढरांच्या मुक्कामाभोवती लावतात ती जाळी. “सांजच्याला मेंढरं आत घालताना आमचा म्हातारा कळपात हिंडत न्हाई. जाळीला येकच तोंड ठेवतो, येका मेंढराएवढं, आन् तिथं उभा ऱ्हातो. लंगडं असंल, आजारी असंल, दुसऱ्याच्या कळपातलं घुसलं असंल, तोंडाशी कळतंय. लोकं म्हनत्यात, मेंढरावर ध्यान ठेवा. आमचा म्हातारा म्हनतो, दारावर ठेवा.” यंत्राचं दारही तसंच होतं. एक तपासणी जरी नापास झाली तरी लाल दिवा लागायचा आणि प्रत तिथंच अडायची. सगळं पास झालं की ती माझ्या टेबलावर येऊन थांबायची. मग मी पेनड्राइव्ह लावायचा, नमस्कार करायचा आणि सही करून पाठवायची. बत्तीस पायऱ्यांपैकी तेवढी एकच पायरी उरली होती. मी तिच्यावर ठाण मांडून बसलो होतो.

ते दार कुणालाच ओळखत नव्हतं. थांबेरावानं स्वतःलाही प्रत पाठवायचा अधिकार ठेवला नव्हता, हे मला कळलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं. “अरे, तूच बांधलंस, आणि तुलाच बंदी?”

“पुन्यात येकदा घाईत मीच दार सोडून मागनं घातलं हुतं, भाऊ. मोप मानसांचं ॲप दोन दिवस उघडलंच न्हाई.” एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. “मला माझाच भरवसा न्हाई. तुमचा कुठनं असनार?”

ऑक्टोबर छाटणीच्या सुमाराला पलूसला बागायतदारांचा मेळावा होता. आबासाहेब तिथं अकरा वाजता नवी प्रत दाखवणार होते. सव्वानऊला लाल दिवा लागला.

“काय झालं?” निघायच्या तयारीत असलेल्या आबासाहेबांनी विचारलं.

“थांबा,” थांबेराव म्हणाला.

“थांबायला वेळ नाही. पाठवा!”

“दार सोडत न्हाई.”

“मी मालक आहे इथला!”

“व्हय की. पर दाराला कुठं ठावं हाय?”

आबासाहेब लालबुंद होऊन माझ्याकडं वळले. “राजाभाऊ, तुमच्या जुन्या पद्धतीनं पाठवा. लावा तो पेनड्राइव्ह.”

सांगायला लाज वाटते, पण मला उकळ्या फुटल्या. यंत्र अडलं आणि शेवटी हाक कोणाला मारली? मी पेनड्राइव्ह लावला, नमस्कार केला, बोट बटणावर नेलं. थांबेरावानं पंजा वर केला. पण आवाज अजिबात चढवला नाही. “भाऊ, सासुरवाडी कुठली तुमची?”

“पलूस.”

“मंग पलूसचा फोन बघा येकडाव. आन् मंग दाबा.”

मी भिंतीकडं बघितलं. पलूसच्या फोनवर मुसळधार पाऊस होता. बाहेर ऊन रणरणत होतं. मी डोळे चोळून परत बघितलं. तो पाऊस यादीत पलूसच्या वर असलेल्या कोरेगावचा होता. स्मितानं यादीत सगळ्यात वर एक नवं गाव घातलं होतं. लोकांच्या फोनांनी आपल्या गावाचं नाव लक्षात ठेवलेलं नव्हतं, यादीतला नुसता क्रमांक ठेवला होता. त्यामुळं अख्खी यादी एका घरानं सरकली होती. सगळ्यांना यादीतल्या शेजाऱ्याचं हवामान. छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर लोकांनी दुसऱ्याच गावाचा पाऊस बघून फवारण्या केल्या असत्या किंवा सोडून दिल्या असत्या. स्मिता लगेच यादी दुरुस्त करायला बसली. आबासाहेब गाडीत जाऊन बसले. माझं बोट बटणावरून काढायला मला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

त्या दिवशी तरी मी किल्ली द्यायला हवी होती. दिली नाही. उलट, घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, “बघ, शेवटी माझ्यापाशी येऊनच थांबतं सगळं.” ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “थांबवलं त्यानं की तुम्ही?” अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

दर सोमवारी आबासाहेब त्याला विचारायचे, “किल्ली दिली का भाऊंनी?” तो म्हणायचा, “न्हाई.” “कधी देणार?” “देतील तवा.” मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकायचो आणि स्वतःला मोठा मुत्सद्दी समजायचो. तिनाचे सहा महिने झाले, सहाचे नऊ. अकराव्या महिन्यात आबासाहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मला वाटलं, आता माझी पाळी. मी रात्रभर पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं, तर ते थांबेरावाला म्हणाले, “तीन महिन्यांचं काम. वर्ष होत आलं तरी शेवटची पायरी हातानंच. एक किल्ली तुम्हाला मिळवता येत नाही. या महिन्याअखेर आपलं काम संपलं असं समजू या.”

घालवायचं मला होतं आणि निघाला तो! मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नुसती मान हलवली, मेंढरं दुसऱ्या रानात न्यायची म्हटल्यावर हलवावी तशी. “बरं,” म्हणाला.

धक्का ओसरल्यावर मला जे वाटलं ते लिहितो, कारण आता लपवून उपयोग नाही. मला आनंद झाला. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं. “यंत्र कितीही हुशार झालं तरी शेवटी माणूस लागतोच,” हे वाक्य मी असं काही फेकलं की टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या थांबेराव वाजवत होता.

तो गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरचा सहावा फोन बंद पडला. त्याच्या जागी दुसरा लावायचा होता आणि यंत्राच्या आज्ञांमध्ये त्याचं नाव बदलायचं होतं. स्मिता रजेवर. म्हणून थांबेरावानं लिहिलेली ती फाइल मी आयुष्यात पहिल्यांदा उघडली. यंत्र वाचत नाही अशा ओळी त्यात माणसांसाठी लिहिता येतात. त्या ओळीपुढं एक खूण करायची, म्हणजे यंत्र ती सोडून पुढं जातं. त्यानं अशा ओळी शुद्ध मराठीत लिहिल्या होत्या, बोलण्यापेक्षा कितीतरी शुद्ध. ‘हा फोन म्हाताऱ्या माणसाचा समजावा, अक्षरं मोठी ठेवावीत.’ ‘इथे चहा.’ वाचत वाचत मी शेवटाशी आलो.

शेवटची पायरी तिथं होती. सही करायची, पाठवायची, सगळी लिहून तयार. फक्त त्या एका ओळीपुढं खूण करून ती बंद ठेवली होती, आणि वर लिहिलं होतं: ‘किल्लीची एक प्रत भाऊंच्या कॉम्प्युटरवर, रोजच्या फोल्डरमध्ये उघडीच आहे. न विचारता घ्यायची नाही. भाऊ स्वतः देतील तेव्हा पुढची खूण पुसावी.’

मी माझं फोल्डर उघडलं. होती. नऊ वर्षांपूर्वी ज्यानं हे सगळं पहिल्यांदा बसवून दिलं होतं त्यानं किल्ली तिथंच ठेवली होती, आणि माझा कॉम्प्युटर इतकी वर्षं तीच वापरत होता. मी लावत होतो त्या पेनड्राइव्हकडं कॉम्प्युटरनं कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. देव्हाऱ्यात कडेकोट बंदोबस्त आणि किल्ली उंबऱ्यावर! नऊ वर्षं बायको एका रिकाम्या दैवताला हळदकुंकू वाहत होती आणि मी त्याच दैवताच्या जिवावर छाती काढून फिरत होतो.

पण खरा हादरा पुढं होता. कोणती ओळ कधी लिहिली याची नोंद यंत्र ठेवतं. मी ती तारीख बघितली. बोटं मोजून परत बघितली. तो आमच्याकडं आल्याचा नववा दिवस.

म्हणजे नवव्या दिवशी त्याचं काम संपलं होतं. एक खूण पुसली असती तर आबासाहेबांनी त्याची पाठ थोपटली असती आणि मला मोकळं केलं असतं. तो अकरा महिने दर सोमवारी ‘न्हाई’ म्हणत राहिला, आणि शेवटी स्वतः चालता झाला. माझ्याच भाषणातलं ते वाक्य कानात परत परत वाजत होतं.

नवी प्रत गुरुवारी जायची होती. गुरुवारी सकाळी मी ती खूण पुसली. ‘चहा’ आला आणि गेला, फोन उजळले, गावं उघडली, मिटली, आणि माझ्या टेबलाकडं न येताच प्रत सरळ लोकांच्या फोनवर गेली. खुर्चीत बसल्या बसल्या मी निरुपयोगी झालो होतो. मग उठून आबासाहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. “नवव्या दिवशी?”

“नवव्या.”

“आणि मी त्याला काढलं!” मग म्हणाले, “बोलवा त्याला परत. आणि राजाभाऊ, आता तुमचं काय करू?”

“शेतकऱ्यांचे तक्रारीचे फोन कोण घेतं?”

“कोणीच घेत नाही.”

“मी घेतो. शिव्या खायची सवय आहे मला.”

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. आजही मी तेच करतो. दिवसाकाठी पन्नास जण माझ्याशी भांडतात, आणि बरं चाललंय.

थांबेरावाला फोन लावला तेव्हा मागं मेंढरं ओरडत होती. मी म्हणालो, “ओळ उघडली रे.”

“उघडली व्हय? बेस झालं.”

“तुला पहिल्यापासनं ठाऊक होतं की मला काढणार आहेत?”

“साह्यबांनी पयल्याच दिशी सांगितलं हुतं.”

“मग किल्ली सापडलीय हे का नाही सांगितलंस त्यांना?”

“सापडली का, असं कुठं त्यांनी इचारलं? भाऊंनी दिली का, असं इचारायचे. न्हाई दिली, म्हनायचो. खोटं काय बोललो?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, “आवं भाऊ, म्होरलं मेंढरू वढून आत घातलं तर मागली बिथरत्यात. ते आपल्या पायानं आलं तर दाराला अर्थ. वाटलं, येताल आज-उद्या.”

“अकरा महिने?”

“आता येवढं थांबाय लागंल असं वाटलं न्हवतं,” तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. परत ये म्हटलं, तर म्हणे, “तिथं आता माझं काम कुठं ऱ्हायलंय? सोमवारपासनं साताऱ्याला लागतोय येका ठिकानी.” मग एकदम त्याचा आवाज बदलला. “किती मिनटं लागली आज?”

“पस्तीस.”

“थांबा. अडतीस लागाय पायजेत. तीन मिनटं म्हंजी येक फोन. सहावा फोन लावलाय न्हवं का तुमी?”

मी जिन्याकडं धावलो. भिंतीवर पाचच फोन होते. सहावा, नवा, माझ्या ड्रॉवरमध्ये होता. आणि पाचावरच प्रत गेली होती, कारण सहाव्याचं नाव बदलायच्या ऐवजी मी ते पुसून टाकलं होतं. माणमधल्या माळावर उभं राहून त्यानं ते तीन मिनिटांवरून ओळखलं! फोनमध्ये तो म्हणत होता, “कायबी झालं नसंल. पर लावा आधी.”

त्या दिवशी मी दुपारीच घरी गेलो. बायको जेवायला वाढत होती. पहिल्या घासापासून शेवटपर्यंत तिला सगळं सांगितलं. नववा दिवस, ती ओळ, तो दर सोमवारचा ‘न्हाई’. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही, आणि आमच्या घरात ही बातमी आहे. माझं संपल्यावर तिनं विचारलं, “आणि त्या माणसाला निरोपाला तुम्ही काय दिलंत?”

“भाषण,” मी म्हणालो.

ती वाढता वाढता थांबली. पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

“चपला घाला,” ती म्हणाली. “माणला जायचंय. आणि तिथं गेल्यावर तुम्ही बोलायचं नाही. मी बोलेन.”